पिवळ्याचं काय करायचं?

परवा सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला तर मधल्या कप्प्यात स्टीलची वाटी, आणि वाटीत पाण्याखाली बुडालेले सहा पिवळे बलक. आमच्या चिरंजीवांनी जिम लावलंय. तिथल्या कुणीतरी सांगितलं, रोज सहा अंडी खा, पण फक्त पांढरं. झालं! पांढरं पोटात आणि पिवळं फ्रीजमध्ये. वरचं पाणी मात्र त्यानं घातलेलं नव्हतं. ते आईनं घातलं होतं, बलक वरून सुकून चिवट होऊ नये म्हणून.

मी वाटीकडे बघत उभी, तर मागून आईचा आवाज आला, "परत सुरू झालं का हे आपल्या घरात?"

तिच्या त्या 'परत'नं मला थेट १९८७ सालात नेऊन सोडलं.

त्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला. मी तेव्हा आठवीत. तीन आठवड्यांनी बाबा घरी आले ते एक यादी घेऊनच. मीठ कमी, तूप बंद, लोणी बंद, नारळ बंद आणि सगळ्यात शेवटी, 'अंड्याचं पिवळं पूर्ण बंद. पांढरं चालेल.' बाबांचा सकाळचा नाश्ता म्हणजे दोन अंड्यांची पोळी, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून. त्यात त्यांचा जीव होता. डॉक्टरांनी अर्धा जीव ठेवला, अर्धा काढून घेतला असं बाबा नंतर गमतीनं म्हणायचे.

गंमत म्हणजे दूरदर्शनवर तेव्हा रोज अंडी खा म्हणून सांगणारी ती प्रसिद्ध जाहिरात लागायची. (माझ्या वयाच्या सगळ्यांना ती चालीसकट आठवत असणार.) व्यापारी सांगतील त्या भावाला अंडी विकावी लागत म्हणून १९८२ साली कुक्कुटपालकांनी एकत्र येऊन नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी काढली, ती बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं. जाहिरात त्याच कमिटीची. टीव्ही म्हणतो रोज खा, डॉक्टर म्हणतात खाऊ नका, आणि मधे आमची आई!

आईबद्दल थोडं सांगायला हवं. आई माहेरची पक्की शाकाहारी. बाबांच्या घरी अंडं चालायचं, पण स्वयंपाकघराबाहेर. अंड्याचा तवा वेगळा, चमचा वेगळा, गॅलरीत एक वेगळी शेगडी. आईनं आजतागायत अंडं चाखलेलं नाही, पण तिच्याइतकं अंडं ओळखणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पातेल्यात पाणी घेऊन अंडी सोडायची. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर आधी वापरायचं, तरंगलं तर सरळ टाकून द्यायचं. पिवळं-पांढरं वेगळं करायचं तर अंडं फ्रीजमधून काढल्या काढल्याच फोडायचं, कारण गार असताना पिवळं घट्ट असतं, पटकन फुटत नाही. मग टरफलाच्या या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या वाटीत. खाली पांढरं निथळत जायचं आणि शेवटी हातात राहायचा नुसता पिवळा गोळा. पुढची वीसेक वर्षं रोज सकाळी आईनं हे केलं. शेवटी हात इतका बसला होता की ती माझ्याशी बोलता बोलता, अंड्याकडे न बघता हे करायची.

आणि रोज सकाळी तिच्यासमोर एकच प्रश्न असायचा. या पिवळ्याचं काय करायचं?

हा प्रश्न किती जुना आहे, हे मला खूप उशिरा कळलं. गेल्या काही वर्षांत जमेल तसं वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की माणसानं अंडं समजून घेतलं ते बऱ्याच अंशी ते वेगळं करून करूनच. दर वेळी कुणाला तरी त्यातलं एक हवं होतं, आणि उरलेल्याचं काय करायचं यातून दुसराच काहीतरी इतिहास घडला.

अगदी सुरुवातीला ॲरिस्टॉटल. इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकात यानं कोंबडीची उबवायला बसवलेली अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून आत काय दिसतं ते लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवसानंतर रक्ताच्या ठिपक्याएवढं काळीज धडधडताना दिसतं, हे त्याचं निरीक्षण आजही तसंच्या तसं खरं आहे. पण मला आवडला तो त्याचा स्वयंपाकघरातला भाग. तो म्हणतो, पिवळं आणि पांढरं नुसतं रंगानं नाही, गुणानंही उलटं. थंडीनं पिवळं घट्ट होतं, पांढरं उलट पातळ होतं. विस्तवावर पांढरं कडक होतं, पिवळं मऊच राहतं. बरीच अंडी एका भांड्यात फोडून मंद आचेवर ठेवली तर सगळी पिवळी मधे गोळा होतात आणि पांढरं त्यांच्याभोवती जमतं, असंही त्यानं नोंदवलंय. हे वाचून मला या थोर माणसाबद्दल एकदम जवळीक वाटायला लागली. कधीतरी शेगडीपाशी उभा राहिलेला दिसतोय हा!

थंडीचं म्हणणं तर तुम्ही घरी करून बघू शकता. उरलेले बलक फ्रीजरमध्ये टाकून नंतर बाहेर काढा, डिंकासारखे चिकट होतात आणि मग कशातच मिसळत नाहीत. ठेवायचेच असतील तर आधी चिमूटभर मीठ किंवा साखर घालून फेटून ठेवायचे. पांढरं मात्र गोठवून काढलं तरी जवळजवळ पहिल्यासारखंच.

ॲरिस्टॉटलनंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी इटलीत पाडुआला फाब्रिसियस नावाचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचं अंडं आणि पिल्लू यावरचं पुस्तक १६२१ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. चित्रं अतिशय सुंदर, पण एक मोठी चूक. अंडं फोडलं की पिवळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या, पीळ पडलेल्या दोऱ्या दिसतात ना, त्यातूनच पिल्लू तयार होतं असं त्यानं लिहिलं. त्याचा विद्यार्थी म्हणजे रक्ताभिसरण शोधणारा विल्यम हार्वे. त्यानं १६५१ साली दाखवून दिलं की गुरुजी चुकले. पिल्लाची सुरुवात होते ती पिवळ्याच्या वर असलेल्या एका बारीकशा पांढुरक्या ठिपक्यापासून. त्या दोऱ्यांचं काम इतकंच, की पिवळं मधोमध टांगून धरायचं, टरफलाला चिकटू द्यायचं नाही. एखाद्या झोळीच्या दोन टोकांसारखं. त्यांचं शास्त्रीय नाव ग्रीकमधून आलंय, त्याचा अर्थ गार, पावसात पडते ती!

आता ही चूक माझ्या इतकी लक्षात का राहिली? तर माझी आई फाब्रिसियसच्या बाजूची आहे. ती आजही काट्यानं त्या दोऱ्या उचलून बाजूला टाकते. "पिल्लू असतं ते," म्हणते. मी तिला सांगितलं, अगं, दुकानातल्या अंड्यांच्या कोंबड्यांनी कोंबडा बघितलेलाही नसतो, त्यात पिल्लू होणंच शक्य नाही, आणि दोरी ठसठशीत दिसली तर उलट अंडं ताजं समजायचं. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. तरी मी काढते."

असो. तर वेगळं केल्यावर हातात नेमकं काय येतं? साधारण ५५ ग्रॅमचं अंडं धरलं तर दहावा भाग टरफल, जेमतेम साठ टक्के पांढरं आणि उरलेलं तीसेक टक्के पिवळं. पांढरं म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि बाकी प्रथिनं. स्निग्ध पदार्थ नावालाही नाही. त्यातही दोन जाती, एक पिवळ्याला धरून राहणारं दाट आणि एक तव्यावर पसरणारं पातळ. अंडं जुनं होत जातं तसं दाटाचं पातळ होत जातं, म्हणून जुन्या अंड्याचं हाफ फ्राय तवाभर पसरतं. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून आतली ओल जाते, हवा आत येते, आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. आईचं पातेल्यातलं अंडं उभं राहायचं आणि तरंगायचं ते यामुळे. त्याच छिद्रांतून कर्बवायूही निघून जातो. उकडलेलं ताजं अंडं सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर निघून येतं आणि आठवड्याचं अंडं छान सुटतं, त्याचं कारण हेच. वायू गेला की पांढऱ्याचा आम्लपणा कमी होतो आणि आतल्या पापुद्र्यावरची त्याची पकड सैल होते. थोडक्यात, आमलेटला ताजं, अंडाकरीला थोडं शिळं!

पिवळ्याची गोष्ट निराळी. त्यात पाणी निम्मंच. जवळजवळ एक तृतीयांश स्निग्ध पदार्थ, आणि प्रथिनं वजनाच्या मानानं पांढऱ्याहून जास्त. अंड्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिनं पिवळ्यात असतात (चिरंजीवांनी हे वाक्य दोनदा वाचावं). अ आणि ड जीवनसत्त्व, लोह वगैरे बहुतेक सगळं तिथेच. पांढरं साधारण ६० अंशांच्या पुढे जमायला लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन पक्कं व्हायला ८० च्या आसपास जावं लागतं. पिवळं ६५ ला दाट व्हायला लागतं आणि ७० ला घट्ट. मऊ पिवळ्याचं उकडलेलं अंडं म्हणजे या दोन-चार अंशांतली कसरत. फार वेळ उकळत ठेवलं की पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह भेटतं आणि पिवळ्याभोवती हिरवट-काळपट कडं येतं. त्यानं अपाय काही नाही, पण लक्ष नव्हतं हे सगळ्यांना कळतं.

आता मूळ मुद्दा, उरलेल्याचा. पोर्तुगालमध्ये पंधराव्या शतकात मदैरा बेटावरून साखर येऊ लागली आणि तिथल्या मठांमधल्या जोगिणी मिठाया करू लागल्या. त्यांच्याकडे परंपरेनं अशी कथा सांगतात की मठांत अंड्याचं पांढरं झग्यांना आणि शिरोवस्त्रांना खळ द्यायला लागायचं, वाइन नितळ करायला लागायचं. मग पिवळ्यांचे ढीग उरायचे, आणि त्यातून पिवळं नि साखर यांच्या शेकडो मिठाया जन्मल्या. वाइनचं तर अगदी खरं आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला लाल वाइनच्या पिंपात आजही काही जण फेटलेलं पांढरं घालतात. वाइनमधला तुरटपणा पकडून ते तळाशी बसतं. पांढऱ्याचा स्वभावच तो, दिसेल त्याला धरायचं! १८३४ साली पोर्तुगालनं मठ बंद केले तेव्हा त्यांच्या पाककृती बाहेर पडल्या. लिस्बनजवळच्या बेलेंचे ते प्रसिद्ध कस्टर्डचे टार्ट १८३७ पासून विकले जाताहेत.

हीच मिठाई जहाजात बसून पूर्वेकडे निघाली. जपान आणि थायलंडमध्ये पिवळ्याच्या बारीक धारा साखरेच्या पाकात सोडून केलेल्या सोनेरी शेवया आजही मिळतात, त्या तिकडूनच गेल्या. आणि गोव्यात आली बिबिंका. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबिओना नावाच्या जोगिणीनं ती पहिल्यांदा केली अशी दंतकथा आहे. तिचं नाव खरं-खोटं देव जाणे, पण मठ खरा. १६०६ साली बांधायला घेतलेला, अजून उभा आहे. बिबिंकेत मैदा अगदी कमी. सगळी भिस्त पिवळ्यावर आणि नारळाच्या दुधावर. इथल्या नारळानं तिथल्या पिवळ्याशी संसार मांडला म्हणा ना. एकेक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, थर जमला की तूप, की पुढचा थर. २०२३ साली गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे मी इतकं रंगून सांगतेय कारण आईच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी गोव्यानंच दिलं. पहिले काही दिवस आई ते पिवळे गुलाबाच्या कुंडीत ओतायची. वास सुटला, मुंग्या झाल्या. मग मला खायला घालायला लागली, रोज दोन जास्तीची पिवळी. महिन्याभरात मला त्यांची शिसारी आली. तेव्हा समोरच्या ब्लॉकमध्ये गोव्याच्या एक आंटी राहायच्या. त्यांनी आईला कुंडीत बलक ओतताना पाहिलं आणि त्या अक्षरशः ओरडल्या, "अहो वहिनी, काय करताय हे!" त्या दिवसापासून बलकाची वाटी समोर जायला लागली. कधी त्यांच्या केकमध्ये, कधी बिस्किटात. आणि नाताळात सगळं उलटं व्हायचं. बिबिंकेसाठी त्या ढीगभर अंडी फोडायच्या, आणि उरलेल्या पांढऱ्याचं पातेलं आमच्याकडे यायचं! मग आठवडाभर बाबांना पांढरीफटक पोळी. बिबिंकेचा तुकडा मला मिळायचा. बाबा नुसता वास घ्यायचे.

आता दुसरी उलथापालथ. १८५० साली फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार यानं फोटो छापायचा एक नवा कागद आणला. कागदावर मीठ घातलेल्या पांढऱ्याचा थर द्यायचा, मग चांदीच्या क्षारात बुडवायचा. चित्र कागदात मुरत नाही, वरच्या वर तकाकीत राहतं, म्हणून रेघ न् रेघ स्पष्ट. पुढची चाळीस-एक वर्षं जगातले बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्यावर छापले गेले. आपल्याकडचे राजा दीनदयाळ यांचे राजेरजवाड्यांचे, किल्ल्यांचे, देवळांचे फोटो आठवतात? तो उबदार तपकिरी रंग या अंड्याच्या कागदाचा. जर्मनीत ड्रेस्डेनला असा कागद करायचे मोठे कारखाने होते. त्यातल्या एकाच कारखान्यानं १८८८ साली वर्षभरात साठ लाखांवर अंडी वापरली. बायका आणि पोरी बसून ती हातानं फोडायच्या, पांढरं इकडे, पिवळं तिकडे. वाचताना मला गॅलरीतल्या शेगडीपाशी उभी असलेली आई दिसली, पण साठ लाख अंड्यांपुढे!

मग त्या पिवळ्यांचं काय? काही बेकऱ्यांना गेली, आणि बरीचशी मीठ घालून टिकवून चामडी कमावणाऱ्यांना. उंची, मऊ हातमोज्यांचं कातडं पिवळ्यात भिजवायचे. का, तर नुसतं तेल ओल्या कातड्यात शिरत नाही, पिवळ्यातलं तेल शिरतं. म्हणजे युरोपातली एखादी मडम पांढऱ्यावर छापलेला फोटो बघायची तो हातात पिवळ्याचे मोजे घालून! (इंग्लंडमधल्या एका फोटोग्राफीच्या मासिकानं तर उरलेल्या बलकाच्या चीजकेकची कृतीच छापली होती.)

तेल आणि पाणी एकत्र नांदवायची ही करामत पिवळ्याला कशी जमते? उत्तर मिळालं ते फोटोच्या कागदाच्या थोडं आधी. गोब्ले नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानं १८४५ पासून पिवळ्याचं पृथक्करण सुरू केलं आणि त्यातून एक मेणचट पदार्थ वेगळा काढला. १८५० साली त्याला पिवळ्याच्याच ग्रीक नावावरून लेसिथिन हे नाव दिलं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. मेयोनेज फाटत नाही ते त्याच्यामुळे. बिबिंकेत नारळाच्या दुधाचं तेल सुटून वर येत नाही ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. आणि पांढऱ्याला फेस आणायचा असेल तर पिवळ्याचा थेंबही चालत नाही, तोही त्यातल्या या स्निग्धपणामुळेच. फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांभोवती प्रथिनांनी धरलेली फेर. पिवळं मधे घुसलं की फेर सुटते.

पण गोब्लेला त्याच पिवळ्यात आणखी एक पदार्थ सापडला. पित्ताच्या खड्यांत पूर्वीच माहीत झालेला. कोलेस्टेरॉल.

इथून पुढची गोष्ट माझ्या बाबांची.

१९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव्ह यानं सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून खाऊ घातलं. सशांच्या रक्तवाहिन्यांत माणसासारखेच चरबीचे थर साठले. शोध मोठाच होता. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आणि हृदयविकाराचा संबंध त्यातून उलगडत गेला, आणि तो आजही खरा आहे. पण ससा हा निव्वळ पाला खाणारा प्राणी. त्याच्या आयुष्यात अंडं येतच नाही, त्यामुळे आलेलं कोलेस्टेरॉल आवरायची सोयही त्याच्याकडे नाही. माणसाचं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, आणि बाहेरून जास्त आलं तर बहुतेकांत ते आपलं काम कमी करतं. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा खाण्यातल्या स्निग्धांचा प्रकार जास्त महत्त्वाचा, हे हळूहळू कळत गेलं. पण मधल्या काळात एका अंड्यातलं जवळजवळ दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, तेही सगळं पिवळ्यात, हा आकडा फार सोपा होता. बोट दाखवायला सोपा. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगितलं, दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आत राहा, आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळी नकोत. तेच फिरत फिरत आमच्या घरातल्या यादीपर्यंत पोचलं आणि पोचेपर्यंत तीनाचं शून्य झालं.

आणि यादीत काय नव्हतं सांगू? खारी. बेकरीतली, वनस्पती तुपातली. पिवळं गेलं, पोट भरत नाही म्हणून बाबा चहाबरोबर चार-चार खाऱ्या खायला लागले. 'हलकी' म्हणून! वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट्स काय करतात ते १९९० नंतर दिसायला लागलं, आणि आपल्याकडे तेला-तुपातल्या या प्रकारावर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ साली. माझे बाबा २००८ सालीच गेले. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची ती तीनशेची मर्यादा अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेतून निघाली त्यांच्यानंतर सात वर्षांनी. २०१९ साली त्याच हार्ट असोसिएशनच्या सल्लापत्रात निरोगी माणसानं दिवसाला एक अख्खं अंडं खायला हरकत नाही असं आलं.

हे सगळं वाचून मला डॉक्टरांचा राग आला का? नाही. त्यांनी त्या वेळचं जे ज्ञान होतं ते दिलं, आणि त्यानंतर बाबा एकवीस वर्षं जगले. अटॅक येऊन गेलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला आजही डॉक्टर जपूनच खायला सांगतात. तेव्हा कृपा करून हे वाचून कुणी आपापली यादी फाडू नका. (काका, हे तुमच्यासाठी.)

राग येतो तो माझाच. १९९९ सालचा बाबांचा वाढदिवस. एकसष्ठी. मी तेव्हा नोकरीला लागलेली, घरातली शहाणी. सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अगदी लहान मुलासारखे म्हणाले, "आज अर्धं पिवळं घाल गं. अर्धंच." आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं घातलं असतं. मी म्हटलं, "बाबा, वाढदिवस आहे म्हणून हार्ट सुट्टीवर जात नाही." किती छान वाक्य सुचलं असं मला त्या वेळी वाटलं होतं. बाबा हसले, "बरं" म्हणाले आणि पांढरी पोळी खाऊन उठले. त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही.

अर्धं पिवळं. शंभर मिलिग्रॅम.

मला आता वाटतं, अंडं वेगळं करणं वाईट नाही. वेगळं केल्याशिवाय लेसिथिन सापडलं नसतं, दीनदयाळांचे फोटो नसते, बिबिंका नसती. चूक होते ती वेगळं केल्यावर एकाला चांगलं आणि एकाला वाईट ठरवण्यात. जोगिणींना पांढरं हवं होतं, म्हणून त्यांनी पिवळ्याला वाईट म्हटलं नाही, त्याची मिठाई केली. आम्ही मात्र एक आकडा धरून बसलो.

तर परवा त्या सहा बलकांचं काय केलं ते सांगते. एका नारळाचं दाट दूध काढलं. बलक आणि वाटीभर साखर हलक्या हातानं एकत्र केली, फार फेटलं नाही, नाहीतर बुडबुडे राहून जाळी पडते. नारळाचं दूध, वेलची, चिमूटभर जायफळ, मग गाळून कुकरच्या डब्यात. शिटी न लावता, मंद आचेवर वाफवलं, डब्यावर ताट आणि ताटाखाली फडकं, म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नाही. आच मोठी केली तर फाटतं. नुसत्या पिवळ्याचं असल्यामुळे रबरासारखं होत नाही, मऊ जमतं. थंड करून वड्या पाडल्या.

आईनं ताटलीत बघितलं. "खरवसासारखं दिसतंय." खरवसाचंही तसंच की! चिकाच्या दुधातली प्रथिनं उष्णतेनं जमतात, म्हणून तर नुसत्या दुधाचा खरवस होत नाही. आईनं खाल्लं नाही, खाणारही नव्हती. पण तिनं एक वडी वेगळ्या बशीत काढली, वर झाकण ठेवलं आणि बाबांच्या फोटोखालच्या टेबलावर नेऊन ठेवली. काही बोलली नाही. मीही नाही.

संध्याकाळी चिरंजीव आले आणि बशी रिकामी करून मोकळे झाले. "भारी आहे! कशाचं केलंस?"

"तू टाकलेल्याचं," आई आतून म्हणाली.

आज सकाळी फ्रीजमध्ये वाटी नव्हती. सहाच्या जागी तीन अंडी फोडलेली, अख्खी. गॅलरीतली ती शेगडी केव्हाच गेली, पण अंड्याचा तवा अजून तोच आहे, बाबांचा. त्यावर पोळी होत होती, पिवळीधमक. आई शेजारी उभी राहून काट्यानं दोऱ्या काढत होती.